मी पासवर्ड विसरत नव्हतो!

मित्रांनो, मी एक जुना ई-मेल प्रोग्राम आहे. पुढचं काही सांगण्याआधी एक गोष्ट स्वच्छ सांगून टाकतो : मी विसरभोळा नाही. आज नाही, काल नव्हतो, कधीच नव्हतो. तरी 'विसरभोळा', 'म्हातारा', 'बिनडोक', 'याच्या डोक्यात भुसा भरलाय' ही सगळी बिरुदं मी निमूटपणे ऐकून घेतली आहेत. परक्यांनी दिली असती तर सोडून दिलं असतं. पण ज्या घरात मी उभं आयुष्य काढलं, त्या घरच्या माणसांनी ती दिली, म्हणून जास्त लागली.

माझा जन्म कुठल्या एका घरात झाला नाही. एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या पुष्कळ माणसांनी मिळून मला लिहिलं. कुणी माझा पत्रं उघडायचा भाग लिहिला, कुणी पत्रं पाठवायचा. नवीन पत्र आलं की वाजणारी घंटी एकानं लिहिली, देव त्याचं भलं करो. पण मला बोलायला शिकवायचं काम ज्याच्याकडे होतं, तो मात्र महाकंजूष निघाला. त्यानं माझ्या तोंडात तीन वाक्यं घातली. 'पासवर्ड टाका.' 'पासवर्ड चुकीचा आहे.' 'जोडणी होऊ शकली नाही.' बस्स. एवढ्या शिदोरीवर मी सगळा संसार केला.

एका चष्म्याच्या दुकानात माझं राहणं आहे. दुकान लहान आहे. पुढे काउंटर, त्यावर गोल आरसा, भिंतीवर चष्म्यांच्या फ्रेमाच फ्रेमा. मागे काचेचं दार, आणि त्या दारामागे कामाची खोली. तिथे कोपऱ्यातल्या टेबलावर कॉम्प्युटर आहे आणि त्या कॉम्प्युटरात मी. दुकान बाईंचं. सगळी गल्ली त्यांना 'चष्मेवाल्या बाई' म्हणते, म्हणून मीही बाईच म्हणतो. बाईंचे यजमान पूर्वी एका मोठ्या गोदामात नोकरीला होते. निवृत्त झाल्यापासून दुकानातच असतात. त्यांना सगळे काका म्हणतात.

मला या घरात आणलं ते बाईंच्या थोरल्या भावानं, म्हणजे दादांनी. दुकान दोघा भावंडांनी मिळूनच उभं केलेलं. कामाच्या खोलीत मधोमध काच घासायचं एक यंत्र आहे, तेही दादांच्या हातचं. पायाने चालवायच्या जुन्या शिलाई मशीनचा सांगाडा घेऊन, त्यावर चाक बसवून, पुढे मोटर जोडून त्यांनी ते तयार केलं. ते चालू झालं की गुरगुरतं, म्हणून घरात त्याचं नावच 'गुरगुर' पडलं. आता बहुतेक काचा कारखान्यातून तयार येतात. पण एखाद्याचा नंबर फारच जाड आणि वाकडा असला, की कारखाने हात वर करतात. तेव्हा गुरगुरवरचं कापड निघतं आणि बाई कमरेला पदर खोचून बसतात.

दादांच्या कानांनी दगा दिला तेव्हा ते लांब, मुलाकडे राहायला गेले. जायच्या आधी त्यांनी मला या कॉम्प्युटरात बसवलं आणि बाईंना म्हणाले, "ठमे, फोनवर मला काही ऐकू येणार नाही. तू 'हॅलो' म्हणणार, मी 'हॅलो' म्हणणार आणि बिल येणार. त्यापेक्षा लिहीत जा." ठमी हे बाईंचं लहानपणचं नाव, आणि ते घ्यायची छाती फक्त दादांची आहे.

तेव्हापासून माझं खरं काम सुरू झालं. तुम्हाला ते थोडक्यात सांगतो. बाईंना आलेली पत्रं आधी लांबच्या एका मोठ्या टपालघरात जाऊन पडतात. त्या टपालघराला कुलूप असतं. पासवर्ड ही त्याची किल्ली. मी किल्ली घेऊन जातो, कुलूप उघडतो, पत्रं घरी आणतो आणि माझ्या कपाटात लावून ठेवतो. किल्ली ठेवायला माझ्याजवळ एक छोटी डबी आहे. बाईंनी एकदा पासवर्ड टाकला, खालच्या 'लक्षात ठेव' या चौकटीत खूण केली, की किल्ली डबीत आणि डबी माझ्याजवळ. मग पुन्हा विचारायचं कारण नाही. पासवर्ड काय होता म्हणून विचाराल, तर तो मी सांगणार नाही. तेवढी नीतिमत्ता माझ्यात आहे.

काय दिवस होते ते! सकाळी दुकान उघडायचं, कॉम्प्युटर सुरू व्हायचा, त्याच्याबरोबर मीही आपोआप जागा व्हायचो, गुपचूप जाऊन पत्रं आणायचो आणि घंटी वाजवायचो. बाई हातातलं काम टाकून यायच्या. दादांचं पत्र म्हणजे काय, तर नुसती छेडाछेडी. 'ठमे, काल तुझ्या वहिनीच्या स्वप्नात येऊन तू माझी तक्रार केलीस म्हणे.' बाईही काही कमी नाहीत. त्या फटाफट उत्तर लिहायच्या आणि स्वतःशीच हसायच्या. काका म्हणायचे, "हा प्रोग्राम म्हणजे घरातला माणूस आहे बघ." ते वाक्य मी कपाटात ठेवलेलं नाही, पण ठेवता आलं असतं तर ठेवलं असतं.

मग घरात झाडू आला.

झाडू म्हणजे खरा झाडू नव्हे, तो तर होताच. या दुकानात धूळ म्हणजे दुश्मन. धुळीचा एक कण घासणीत सापडला की काचेवर ओरखडा पडतो आणि सगळी मेहनत पाण्यात. म्हणून रोज दुकान बंद करताना काका सगळं झाडतात, पुसतात, गुरगुरवर कापड घालतात, टेबलाखालचे कोपरे वाकून वाकून बघतात. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे : "अर्धवटच झाडायचं असेल तर झाडू हातात कशाला घ्यायचा?" त्यांच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळींपैकी कुणीतरी त्यांना सांगितलं, की कॉम्प्युटरच्या आतही कचरा साठतो आणि तो काढायला सफाईचा प्रोग्राम मिळतो. झालं! काकांनी तो त्या मित्राकडून बसवून घेतला. पडद्यावर एक छोटा पिवळा झाडू आला. तो उघडला की खाली यादी यायची : तात्पुरत्या फाइली, जुना इतिहास, अमुक, तमुक, आणि सगळ्यात शेवटी 'साठवलेले पासवर्ड'. प्रत्येकापुढे चौकट. काय काय पुसायचं ते तुम्ही ठरवा, असं त्याचं म्हणणं. काकांनी ठरवलं. सगळ्या चौकटींत खुणा केल्या. अर्धवट झाडणं त्यांच्या रक्तातच नाही ना!

आता कळलं ना, मित्रांनो? रोज संध्याकाळी तो पिवळा झाडू यायचा आणि माझी डबी रिकामी करून जायचा. कपाटातली पत्रं जशीच्या तशी राहायची, फक्त किल्ली गायब. सकाळी मी जागा व्हायचो, डबी उघडायचो, आत खडखडाट. मग मी काय करणार? पहिलं वाक्य काढायचो. 'पासवर्ड टाका.'

"अहो, हा पुन्हा पासवर्ड विचारतोय! काल तर टाकला होता," बाई ओरडायच्या.

"तुझ्या त्या प्रोग्रामचं वय झालंय," काका सुपली रिकामी करत म्हणायचे.

वय झालंय! आणि हे कोण म्हणतंय? माझी डबी रोज स्वतःच्या हातानं पुसणारा माणूस! मला ओरडून सांगावंसं वाटायचं, काका, तुम्हीच, तुमचाच झाडू, तुमचीच शेवटची खूण! पण तोंडात वाक्यं तीन आणि तिन्ही बिनकामाची. याला म्हणतात तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

त्यात आणखी भर बाईंच्या डोळ्यांची. गावाला चष्मे पुरवणाऱ्या आमच्या बाई स्वतः मात्र जुन्याच नंबरचा चष्मा नाकावर घेऊन बसतात. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! त्यांना आधीच कीबोर्डवरच्या कळा नीट दिसायच्या नाहीत, त्यात पासवर्ड टाकताना पडद्यावर अक्षरांच्या जागी काळे ठिपके उमटतात. "मी काय लिहितेय ते मलाच दाखवत नाही मेला!" म्हणून त्या अंदाजाने कळा दाबायच्या. कधी लागायचा, कधी चुकायचा. लागोपाठ चुकला की तिकडच्या टपालघराला संशय यायचा, कुणी चोरबीर तर नाही ना? आणि ते चांगले दोन दिवस दार बंद करून टाकायचं. मग बरोबर पासवर्ड टाकला तरी उपयोग नाही. मी आपला उंबऱ्यावर उभा, 'जोडणी होऊ शकली नाही' म्हणत.

अशीच रडतरखडत गाडी चालली होती. आणि मग तो सोमवार आला.

काकांच्या मनात बरेच दिवस होतं, की कामाच्या खोलीतली गुरगुर काढून तिथे एक काचेचं उभं कपाट ठेवावं. नव्या फ्रेमा चांगल्या दिसतील, गिऱ्हाईक आत येईल. जुनी यंत्रं घेणारा एक व्यापारी त्यांनी बघून ठेवला होता. तो शनिवारी सकाळी टेम्पो घेऊन येणार होता. बाई 'हो' म्हणाल्या नव्हत्या आणि 'नाही'ही म्हणाल्या नव्हत्या. गुरगुर दादांची. निर्णय दादांचा. सोमवारी त्यांनी दादांना पत्र लिहिलं आणि ते मीच पोहोचवलं, म्हणून मला शब्द न् शब्द ठाऊक आहे.

'दादा, गुरगुर शनिवारी विकायची म्हणतात हे. वर्षात क्वचित कधी चालते. जागा अडते. तुझं काय म्हणणं? शुक्रवारपर्यंत लिही. नाही लिहिलंस तर आपल्या लहानपणच्या नियमाप्रमाणे होकार धरीन.'

हा नियम त्या दोघांचाच. लहानपणी आंबट गोळी वाटून घेण्यापासून ते दुकानाचा रंग ठरवण्यापर्यंत सगळीकडे तो चालायचा : जो गप्प बसेल त्याला मान्य. पत्र पाठवून झाल्यावर बाई उठून गुरगुरजवळ गेल्या, कापड जरासं उचललं, चाकावरून हात फिरवला आणि पुन्हा कापड घातलं. त्यांना ती विकायची नव्हती हो! दादांनी एकदा 'नको' म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती. हे मला दिसत होतं. काकांना दिसत नव्हतं, कारण काका तेव्हा कोपऱ्यातलं जळमट काढत होते.

संध्याकाळी झाडू आला. डबी साफ.

मंगळवारी सकाळी 'पासवर्ड टाका.' बाईंचा हात आधीच घाईत. चुकला. पुन्हा चुकला. पुन्हा. टपालघराचं दार बंद. बाई खुर्चीत मागे रेलल्या आणि माझ्याकडे असं बघितलं, की मला पडद्याआड लपावंसं वाटलं.

"तू दादांच्या घरी फोन कर ना. सूनबाई उचलेल, निरोप देईल," काका म्हणाले.

"माझ्या भावाशी बोलायला मला मध्यस्थ लागत नाही," बाई म्हणाल्या. झालं, विषय संपला. त्यांचा मोबाइल बटणांचा आहे, त्यावर पत्रं येत नाहीत. म्हणजे फिरून फिरून सगळं माझ्याच गळ्यात.

बुधवारी कॉम्प्युटर दुरुस्त करणारे गृहस्थ आले. चांगले पोक्त, मुलाबाळांचे गृहस्थ आहेत, पण त्यांचा एकच उपाय असतो : बंद करून चालू करा. काकांनी त्यांचं नाव 'बंदचालू' ठेवलंय. बंदचालूंनी मला बंद केलं, चालू केलं. मग कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. मग भिंतीवरचं बटण बंद केलं, चालू केलं. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! शेवटी त्यांनी 'लक्षात ठेव' ही खूण काढून पुन्हा घातली, जणू काही ती नीट बसलीच नव्हती, आणि बाईंना विचारून एकेक अक्षर बघून पासवर्ड टाकला. पण टपालघराची शिक्षा अजून संपली नव्हती. मी तिसरं वाक्य म्हटलं.

"प्रोग्राम बिघडलाय," बंदचालू म्हणाले.

बिघडलाय म्हणे! अहो, घरात कोण रोज काय पुसतंय ते विचारा ना एकदा! नाही विचारलं. डोळ्यांसमोर पडद्यावर तो पिवळा झाडू, आणि हे पठ्ठे त्यावरून नजर फिरवून पुढे गेले. वर काकांना म्हणाले, "कॉम्प्युटर मात्र छान स्वच्छ ठेवलाय हो तुम्ही." काकांची छाती फुगली. माझ्या जिवाची नुसती लाही लाही झाली.

गुरुवारी येऊन त्यांनी पुन्हा पासवर्ड टाकला. शिक्षा संपली होती, दार उघडलं. मी धावत गेलो आणि साठलेली सगळी पत्रं घेऊन आलो. फ्रेमवाल्यांच्या जाहिराती, एका गिऱ्हाइकाची तक्रार, विजेचं बिल. बाईंनी वरपासून खालपर्यंत पाहिलं, पुन्हा खालपासून वर पाहिलं. दादांचं पत्र नव्हतं.

"बघा, झाला की नाही सुरू? आता विसरणार नाही," बंदचालू हात पुसत म्हणाले. आणि शुक्रवारी सकाळी, ये रे माझ्या मागल्या!

त्या दिवशी बंदचालूंचंही डोकं फिरलं. त्यांनी सरळ सांगितलं, "बाई, याला काढून टाकू या. नवा टाकतो. अर्ध्या तासाचं काम."

"आणि यातली दादाची पत्रं?"

"ती… याच्याच पोटात आहेत. टपालघरात त्यांची प्रत राहत नाही. काढून घेता येतील बहुतेक. पण प्रोग्राम फार जुना आहे, खात्री नाही देत."

मित्रांनो, तेव्हा मला काय वाटलं ते विचारू नका. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाले होते. चोर तिथेच, पडद्यावर, माझ्या शेजारी ऐटीत उभा! मला स्वतःचं एवढं काही नव्हतं. जुनी माणसं जातात तसे जुने प्रोग्रामही जातात. पण कपाटातली ती पत्रं? 'ठमे, आज इथे फार थंडी आहे, तुझ्या हातचा चहा आठवला' असं लिहिलेली?

बाईंनी उत्तर द्यायला वेळ लावला नाही. "हात लावू नका त्याला. विसरभोळा असला तरी असू दे."

मग बंदचालूंनी पुन्हा एकदा हळूहळू, अक्षर अक्षर जुळवून पासवर्ड टाकला, खूण केली आणि मान हलवत निघून गेले. बाई दिवसभर तिथेच बसून राहिल्या. गिऱ्हाईक आलं की उठायच्या, चष्म्याची दांडी वाकवून द्यायच्या, परत येऊन बसायच्या. मी दर थोड्या वेळाने टपालघराकडे खेप घालत होतो. दर वेळी हात हलवत परत. शेवटी ऊन उतरलं, समोरच्या दुकानदारानं शटर ओढलं, तेव्हा बाई उठल्या.

"गप्प बसला. म्हणजे मान्य आहे त्याला," त्या म्हणाल्या. "एवढं मनापासून केलेलं यंत्र, आणि दोन ओळी लिहाव्याशा वाटल्या नाहीत."

काका कोपऱ्यातून झाडू घेऊन आले.

"अहो, आज राहू दे," बाई म्हणाल्या. "उद्या गुरगुर काढताना सगळी खोली धुळीनं भरणार आहे. कुणासाठी झाडायचं?"

काका हातात झाडू धरून उभे राहिले. त्यांनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि बहुधा पहिल्यांदाच, जळमटांऐवजी त्यांना ते नीट दिसलं. त्यांनी झाडू दाराला टेकवून ठेवला. पुसायचं फडकंही घेतलं नाही. कॉम्प्युटर तसाच बंद केला. दिवा मालवला, कुलूप लावलं, आणि दोघं गेली. आणि माझी डबी? माझी डबी भरलेली राहिली हो!

शनिवारी सकाळी व्यापारी आला. दारात टेम्पो, बरोबर दोन हमाल. गुरगुरवरचं कापड काढलं, खालचे बोल्ट सोडले. बाई काउंटरजवळ पाठ करून उभ्या होत्या आणि आरसा पुसत होत्या. तो आधीच लख्ख होता.

"पावती द्या म्हणजे झालं," व्यापारी म्हणाला.

पावती छापायला काकांनी कॉम्प्युटर सुरू केला. त्याच्याबरोबर मीही जागा झालो. सवयीनं डबी उघडली, आणि आत किल्ली! होती तिथेच होती! मी कुणाला काहीही विचारलं नाही. पहिलं वाक्य नाही, दुसरं नाही, तिसरं नाही. सुसाट टपालघराकडे गेलो, कुलूप काढलं, पत्र उचललं, घरी आलो आणि इतक्या दिवसांत वाजवली नव्हती अशी घंटी वाजवली.

हमालांनी गुरगुर दोन्ही बाजूंनी धरली होती.

"अगं," काका पडद्याकडे बघत म्हणाले, "दादांचं पत्र आलंय."

बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. "वाचा," एवढंच म्हणाल्या.

काकांनी चष्मा चढवला आणि मोठ्यानं वाचलं. "ठमे, उशीर झाला, रागावू नकोस. हल्ली अक्षरं एकावर एक चढलेली दिसतात. तुझं पत्र वाचून काढायलाच वेळ गेला, आणि हे लिहायला त्याहून जास्त. तुला जागा अडत असेल तर गुरगुर खुशाल विक. माझं काही म्हणणं नाही. फक्त विकायच्या आधी तिच्यावर माझ्यासाठी एक जोडी काचा घासून दे. इथल्या डॉक्टरांनी नंबर दिलाय, पण दुकानदार म्हणतात असली काच आम्ही करत नाही. आणि चष्म्याशिवाय तुझी पत्रं वाचता येत नाहीत, तेवढंच एक काम मला राहिलंय. नंबर खाली लिहिला आहे."

व्यापारी पायांकडे बघू लागला.

"नंबर काय लिहिलाय?" बाईंनी विचारलं. आवाज अगदी दुकानातला, गिऱ्हाइकाशी बोलतात तसा.

काकांनी नंबर वाचला. बाईंनी आरशावरचं फडकं खांद्यावर टाकलं, काचेच्या दारातून आत आल्या आणि हमालांना म्हणाल्या, "ठेवा ते खाली."

"बाई, आपलं ठरलं होतं ना?" व्यापारी म्हणाला.

"ठरलं होतं. पण आता गिऱ्हाईक आलंय."

"मग काम झाल्यावर नेऊ? पुढच्या आठवड्यात येतो."

"तो म्हातारा अजून पुष्कळ जगणार आहे," बाई म्हणाल्या, "आणि त्याचा नंबर वाढतच जाणार आहे. तुम्ही कशाला हेलपाटे घालता?" आणि मग त्या पदरात तोंड लपवून रडल्या, आणि रडता रडता हसल्या. काकांनी हमालांना चहा सांगितला. त्या उभ्या कपाटाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

बोल्ट परत आवळून झाल्यावर बाईंच्या एकदम लक्षात आलं. "अहो, आज यानं पासवर्ड विचारलाच नाही!"

"नाही खरंच," काका म्हणाले. "आपोआप उघडला."

"काल असं वेगळं काय केलं आपण?"

"मी? काही नाही. उलट काल मी झाडलंसुद्धा नाही."

"झाडण्याचा आणि याचा काय संबंध? तुम्ही कॉम्प्युटरसुद्धा झाडता की काय?"

"म्हणजे काय? रोज!" काकांनी अभिमानानं तो पिवळा झाडू उघडून दाखवला. बाईंनी पडद्यावर अगदी नाक टेकवलं आणि यादी वरून खाली वाचत आल्या. शेवटच्या ओळीवर थांबल्या. 'साठवलेले पासवर्ड.' पुढे काकांची ठसठशीत खूण.

मी वाट बघत होतो, आता होतो स्फोट. पण बाई काही बोलल्याच नाहीत. आपलेच दात, आपलेच ओठ! त्यांनी फक्त काकांकडे पाहिलं. काकांनी ती ओळ स्वतः वाचली, कान लाल झाले, आणि त्यांनी एका बोटानं ती खूण काढून टाकली. मग माझ्या पडद्यावरची धूळ, होती नव्हती ती, फडक्यानं अलगद पुसली. बंदचालूंना अजून वाटतं, की त्यांच्या शेवटच्या उपायानंच मी बरा झालो. वाटू दे बापड्यांना.

त्या आठवड्यात गुरगुर पोटभर गुरगुरली. एक जोडी दादांसाठी झाली. दुसरी बाईंसाठी, कारण काका हटूनच बसले : "आधी स्वतःचा नंबर तपास, मग त्याला पासवर्ड चुकीचा म्हण."

मित्रांनो, घर झाडा, दुकान झाडा, कॉम्प्युटरही झाडा. स्वच्छता वाईट आहे असं मी कसं म्हणेन? पण खूण करण्याआधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचत जा, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे. आणि घरातलं कुणी काही विसरायला लागलं, रोज तेच तेच विचारायला लागलं, तर त्याला लगेच म्हातारा, बिनडोक म्हणू नका. त्याच्याजवळून रोज काय पुसलं जातंय, ते आधी बघा. त्याच्या तोंडात कदाचित तीनच वाक्यं असतील.

नवा चष्मा पोहोचल्यावर दादांचं पत्र आलं. मी ते किल्ली न मागता आणलं. 'ठमे, लख्ख दिसतंय. तुझं जुनं पत्र काढून पुन्हा वाचलं. "गुरगुर शनिवारी विकायची म्हणतात हे" असं लिहिलंयस. म्हणजे तू म्हणत नव्हतीस. हे मला तेव्हा दिसलंच नाही गं.'

बाईंनी ते पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, आणि कामाला उठल्या. मी ते जपून ठेवलं आहे.